हुं म्हणणारा माणूस

...आणि मला म्हणतात, 'हेरंबराव, तुम्ही काही बोलायचं नाही. तुम्ही फक्त हुं म्हणायचं!' मला! अहो, ज्याला शाळेत बडबडतो म्हणून बाकावर उभं केलं, बँकेत बडबडतो म्हणून काउंटरवरून उचलून आत तिजोरीच्या शेजारी नेऊन बसवलं, त्या माणसाला हुं म्हणायच्या कामावर नेमलं, आणि तेसुद्धा रीतसर हात वर करून, बहुमतानं! आमची कुमुदिनी, म्हणजे माझी सख्खी बायको, तिनं तर दोन्ही हात वर केले. मी म्हटलं, अगं, माणशी एक मत असतं. तर म्हणते, 'दुसरा हात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वतीनं!' आता यावर काय बोलायचं? बरं, तुम्ही ऐकताय ना? मग हुं म्हणा की!

थांबा, मुळापासून सांगतो. बँकेनं मला सांगलीहून उचलून मद्रासला आणून टाकलं... हो हो, चेन्नई, चेन्नई, पण बदलीचा कागद हातात पडला तेव्हा घरी येऊन मी बोंब मारली ती मद्रासच्याच नावानं. तर इथं आलो आणि बघतो तो काय, मराठी माणसं आहेत, भरपूर आहेत, रेल्वेत आहेत, इथं आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या रणगाड्यांच्या फॅक्टरीत आहेत, आता नवीन पोरंपोरी सिरुसेरीला कॉम्प्युटरवर आहेत. पण भेटायचं कुठं? गणपतीत भेटायचं, सत्यनारायणाला भेटायचं, नाहीतर कुणाच्या मुंजीत. आणि आम्ही पडलो देव न मानणारे! आता मला सांगा, देव मानत नाही म्हणजे काय, माणसाला माणसं नकोत? रविवारी संध्याकाळी घर खायला उठत नाही? आम्हाला काय कुणी 'ये रे बाबा, बस, जेवलास का' असं विचारू नये?

तर अशी आम्ही दहाबारा घरं जमलो आणि मंडळ काढलं. पश्चिम तांबरमला विद्याधरांच्या घरी महिन्यातून एकदा रविवारी जमायचं. विद्याधर आमचे अध्यक्ष, आवडीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, रणगाडे तपासायचे. त्यामुळे माणूस नवा आला तरी आधी खालून-वरून बघतात. मला पहिल्या दिवशी म्हणाले, 'हेरंब? हे गणपतीचं नाव ना?' मी म्हटलं, अहो, ते माझ्या आईबापांचं मत झालं, माझं नव्हे!

आणि मग सुरू झाल्या चर्चा. आपल्या मंडळात काहीतरी पद्धत पाहिजे, नुसतं चिवडा खाऊन उठायचं हे काही खरं नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. पण पद्धत कुठली? कुणी म्हणालं, सुरुवातीला समई लावू. 'समई देवापुढची!' बाद. मग मेणबत्ती? 'मेणबत्ती चर्चमधली!' बाद. उभं राहून काही म्हणू या? 'ती आरती!' शेवटी काही गोड वाटू या? 'तो प्रसाद!' वाटायचंच असेल तर तिखट वाटा म्हणे. काय करायचं नाही हे आमचं इतकं पक्कं ठरलं, इतकं पक्कं, की करायला काही उरलंच नाही. बरं, तांबरमला डास हे एवढाले! म्हणून मधोमध डासांची कॉईल लावायचो. तर तुम्हाला सांगतो, वर्षभरात काय झालं असेल? लोक त्या कॉईलभोवती गोल करून मांडी घालून बसायला लागले! नवीन कुणी आलं की चपला काढून आधी त्या धुराकडे बघायचं, मग हळूच बसायचं. एकदा कॉईल मिळाली नाही तर दोघांना बैठक झाल्यासारखं वाटेना. हे आमचे बुद्धिवादी!

शेवटी कुमुदिनीच म्हणाली... शिक्षिका आहे, तिला मुलं गप्प कशी बसवायची ते ठाऊक... म्हणाली, 'दर महिन्याला एकानं आपली गोष्ट सांगायची. स्वतःच्या आयुष्यातली. बाकीच्यांनी ऐकायची. गोष्टीला कुठल्याच देवाची हरकत नसते.' झालं, मंजूर! आणि गोष्ट म्हटली की आपल्याकडे हुं म्हणणारा लागतो. लहानपणी आमची आत्या गोष्ट सांगायची आणि एक जरी हुं चुकलं तरी थांबायची, म्हणायची, 'झोपला वाटतं गाढव!' तर विद्याधर म्हणाले, एक माणूस नेमू, तो हुं म्हणेल, बाकीच्यांनी मध्ये तोंड उघडायचं नाही. आणि हे म्हणताना माझ्याकडे बघायचं काय कारण? तर म्हणे मागच्या वेळी एन्नोरच्या वीजकेंद्रातले एक गृहस्थ आपली पुराची गोष्ट सांगत होते, त्यात मी सतरा वेळा अडवलं. अहो, मग चुकीचं सांगत होते तर अडवू नको? गुडघाभर पाण्यात म्हैस कशी वाहून जाईल? मी आपलं म्हशीच्या बाजूनं बोललो! तर नेमलं मला. हुं म्हणायला. मला!

पण एक सांगतो हं, या हुंमधून एका माणसाला सूट होती. सुब्बाराव! सुब्बाराव आणि त्यांच्या अलमेलूबाई. तंजावरकडचे मराठी. म्हणजे आपण इथं बदलीनं आलो, त्यांचे पूर्वज आले राजांबरोबर, आणि राहिले ते राहिलेच. त्यांचं मराठी ऐकलं की पहिल्यांदा वाटतं आपण जुनी पोथी ऐकतोय आणि मधेच कुणी तमिळ रेडिओ लावलाय. सुब्बाराव रेल्वेत गार्ड होते, जुन्या मीटरगेजवर. गाडी गेली, रूळ गेले, पण गोष्टी राहिल्या. आणि काय सांगायचे! सूट अशी, की सुब्बाराव बोलायला लागले की हुं म्हणायला अलमेलूबाई शेजारी बसलेल्याच असायच्या, आणि त्या हुं म्हणायच्याच नाहीत. त्या म्हणायच्या, 'पोय!' पोय म्हणजे तमिळमध्ये थाप, खोटं. त्यांनी तोंड उघडलं की यांचं 'पोय!' विद्याधरांनी निर्णय दिला, 'घरचा हुंकार चालेल.' बघा! त्यांना घरचा चालतो, आणि मी साधं 'पण' म्हटलं तर माझ्यावर ठराव!

सुब्बारावांची ठरलेली गोष्ट एकच. नवीन लग्न झालेलं, अलमेलूबाई माहेरून कुंभकोणमहून मद्रासला संसाराला यायला निघाल्या, आणि गाडीवर गार्ड कोण? तर नवरा! फलाटावर आल्यावर बाईंच्या ध्यानात आलं की कॉफीचा फिल्टर घरी राहिला. आईनं दिलेला, पितळेचा. म्हणाल्या, 'फिल्टर आल्याशिवाय मी गाडीत चढणार नाही.' आणि सुब्बारावांनी काय करावं? हिरवा झेंडा गुंडाळून काखेत मारला! अर्धा तास गाडी थांबवली! 'अर्धा तास!' असं छाती काढून सांगायचे. 'स्टेशनमास्तर हात जोडतोंय, ड्रायव्हर शिट्टी मारतोंय, अस्के पॅसेंजर, सगळेच्या सगळे, खाली उतरून विचारताहेत, काय झालं, कोण मंत्री येतोंय? मी म्हणालों, मंत्री नाहीं, फिल्टर येतोंय!' की लगेच शेजारून, 'पोय! अर्धा मिनिट उभी होती गाडी. तेंही सिग्नल नव्हतं म्हणून. माझ्यासाठीं कोण गाडी थांबवतंय?' दर वेळी! 'अर्धा तास!' 'अर्धा मिनिट!' आणि आम्ही हसून हसून सतरंजीवर लोळतोय. हुं म्हणा की, मजा आहे की नाही?

...मग अलमेलूबाई गेल्या. सकाळी कॉफी केली, दोन घोट घेतले, आणि गेल्या.

त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्यामागं काही विधी करायचे नाहीत, देह मेडिकल कॉलेजला द्यायचा. तसा दिला. छान केलं, आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, तत्त्वाला धरून झालं. पण तुम्हाला खरं सांगतो, गाडी आली, बाईंना घेऊन गेली, आणि सुब्बाराव दारात उभे. हातात काही नाही. अस्थी नाहीत, नदीवर जायचं नाही, तेरावं नाही, कुणाला जेवायला घालायचं नाही. एवढा लांब संसार करून माणूस गेलं आणि ह्यांना करायला काही कामच नाही! आम्हीपण उभे. काय करायचं नाही ते आम्हाला तोंडपाठ. काय करायचं, ते कुणाला येत होतं?

आणि सुब्बाराव बोलायचे थांबले. म्हणजे थांबलेच. त्यांची मुलगी संयुक्ता, सिरुसेरीला नोकरी करते, ती बिचारी रोज इतक्या लांबून तांबरमला येऊन बसायची. माझ्याकडे आली आणि रडायलाच लागली. तिला मराठीपेक्षा इंग्रजी बरं येतं, पण रडताना मराठीच बोलली. 'अंकल, अप्पा जेवत नाही नीट. बोलत नाही. मामा येताहेत कुंभकोणमहून, ते म्हणताहेत, विधी केला नाही म्हणून असं झालं, मी सगळं करतो आणि ह्यांना घेऊन जातो. अम्माला नको होतं ते. पण अप्पा काहीच म्हणत नाहीत, हो नाही, नको नाही. तुम्ही लोक काहीतरी करा ना! तुमचं इतकं मंडळ आहे!'

इतकं मंडळ! माझं मलाच लाजल्यासारखं झालं. कॉईलभोवती बसणारी माणसं आम्ही, आम्ही काय करणार? पण विद्याधर उठले, म्हणाले, आपल्याकडे आहे तेवढंच करू. सुब्बारावांच्या घरी बैठक भरवू आणि त्यांना बाईंची गोष्ट सांगायला लावू. हुं हेरंबराव म्हणतील. मी म्हटलं, मी? अहो, त्या माणसाला हुंची सवय नाही! तर कुमुदिनी म्हणाली, 'आणि तुम्हीही नीट म्हणा. नेहमीसारखं ओकल्यागत नको. मान खाली घालून, हळू.' घरी सराव करून घेतला माझा! कांदा चिरता चिरता ती बोलणार आणि मी मान खाली घालून हुं. तशी ती महिनाभर खूष होती.

तो रविवार आला. सुब्बारावांचा हॉल माणसांनी भरलेला. कोपऱ्यात खुर्चीत बाईंचे भाऊ, नारायणस्वामी, कुंभकोणमचे रिटायर्ड मास्तर, कपाळावर ठसठशीत नाम, आणि चेहरा असा की आत्ता वर्गातून हाकलतील. त्यांनी आधीच बजावलं, 'तुमचं काय तें करा. तुमचं झालं कीं मी माझं करणार. आणि अत्तिंपेर कुंभकोणमला येणार.' अत्तिंपेर म्हणजे मेव्हणे. संयुक्ता दाराला धरून उभी, तिचा चेहरा एवढासा झालेला.

सुब्बारावांना मधोमध बसवलं. शेजारी बाईंची जागा, तिथं कुणी बसेना. आपोआपच रिकामी राहिली. शेवटी विद्याधरांनी मला ढकललं, 'बसा, हुंकारवाले.' बसलो. काय सांगू, असं अवघडल्यासारखं मला माझ्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं. विद्याधर म्हणाले, 'सुब्बाराव, फिल्टरची गोष्ट सांगा.' सुब्बारावांनी शेजारच्या जागेकडे बघितलं, तर तिथं मी. मग घसा साफ केला. मी मान खाली घातली, तयार.

'लग्न झालं होतं,' म्हणाले. 'हुं.' 'कुंभकोणम स्टेशनवर आलों.' 'हुं.' 'फिल्टर घरीं राहिलं होतं.' 'हुं.' आणि मग एकदम सपाट आवाजात, टाइमटेबल वाचल्यासारखं म्हणाले, 'गाडी अर्धा मिनिट उभी होती. सिग्नल नव्हतं म्हणून. ती चढली. इतकंच.'

इतकंच! मी वर बघितलं. माणूस खाली बघतोय. स्टेशनमास्तर कुठाय? हात जोडणारा? शिट्टी कुठाय? मंत्री कुठाय? अहो, म्हातारा चक्क खरं बोलायला लागला होता! थाप धरणारीच गेली, तर थाप मारायची कुणासमोर? सगळा हॉल आदरानं माना डोलावतोय. कुमुदिनी मला डोळ्यांनी खुणावतेय, हुं म्हणा, हुं म्हणा. मी तोंड उघडलं, तुम्हाला शपथेवर सांगतो, हुं म्हणायलाच उघडलं, पण आतून कुठून आलं कुणास ठाऊक, मी ओरडलो...

'पोय!'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. विद्याधरांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं आता गेलोच आहे तर पूर्ण जातो. म्हटलं, 'अर्धा मिनिट काय, सुब्बाराव? अर्धा तास थांबली होती गाडी!'

सुब्बारावांनी मान वर केली. 'तुम्हांला कोणी सांगितलं?'

'तुम्हीच!'

'पण ती तर म्हणत होती...'

'मग त्या खोटं बोलत होत्या!'

झालं! आता सांगा, शोकसभेत, बाईंच्या जागेवर बसून, बाईंच्या भावासमोर मी म्हणालो की बाई खोटं बोलत होत्या! कुमुदिनीनं डोळे मिटले, बहुतेक माझं नाव शिधापत्रिकेतून काढत असावी. आणि नारायणस्वामी उठले. खुर्ची मागं सरकल्याचा असा आवाज आला की मी कान झाकले. माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, 'तुम्ही! तुम्हांला कसं कळलं?'

मी म्हटलं, 'काय कळलं?'

'कीं अक्का खोटं बोलत होती!'

तुम्हाला सांगतो, नारायणस्वामींचा आवाज एकदम मास्तरांचा राहिला नाही, लहान झाला. म्हणाले, 'फिल्टर आणायला मीच पळत गेलों होतों. अर्ध्या मिनिटांत घरीं जाऊन कोण येतंय? घर काय फलाटावर होतं? परत आलों तों अक्का माझा कान धरून म्हणाली, नारायणा, कोणीही विचारलं, आईनं विचारलं, पोलिसानं विचारलं, तरी म्हणायचं अर्धा मिनिट. आणि सिग्नल नव्हतं. नाहींतर ह्यांची नोकरी जाईल. देवावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली मला. तेव्हां ती देव मानत होती.'

आणि सुब्बाराव! त्यांचं तोंड उघडंच. शेवटी एवढंच आलं, 'रिटायर झालों तरी? पेन्शन आली तरी अर्धा मिनिट?'

'सवय झाली असेल कीं,' नारायणस्वामी म्हणाले, आणि रडायला लागले. संयुक्ता रडतेय आणि हसतेय. मी? मलाही रडू आलं, स्पष्ट सांगतो, उगाच धुराचं निमित्त सांगत नाही, कॉईल लावलीच नव्हती त्या दिवशी. दर वेळी ज्या बाईचं 'पोय' ऐकून आम्ही लोळत होतो, ती बाई जन्मभर नवऱ्यावर पहारा करत होती हो! आणि नवऱ्याला आज कळलं!

मग नारायणस्वामींनी डोळे पुसले आणि म्हणाले, 'पण अर्धा तासही पोय आहे हां. दहा मिनिटं. मी पळण्यांत पहिला होतों शाळेंत.'

'दहा?' सुब्बाराव! हो हो, सुब्बाराव! छाती बाहेर आली, हात वर गेला. 'दहा मिनिटं? अरे नारायणा, तूं वाटेत बोंडा खात उभा होतास! घड्याळ माझ्या हातांत होतं! स्टेशनमास्तर हात जोडत होता!' 'मी बोंडा खाल्ला नाहीं!' 'तोंडाला तेल होतं तुझ्या!' अहो, काय भांडले म्हणून सांगू दोघं! आणि सगळा हॉल मध्ये पडला. एन्नोरवाले म्हणाले वीस मिनिटं धरा, कुमुदिनी म्हणाली बोंड्याचे दोन वेगळे धरा, विद्याधर रणगाड्यासारखे मध्ये घुसून म्हणतायत, एकेकानं बोला, एकेकानं! कोण ऐकतंय? संयुक्ता आत गेली आणि त्याच पितळी फिल्टरची कॉफी घेऊन आली. विद्याधरांनी पेला हातात घेतला, त्यांच्या डोक्यात आलंच असणार, हा प्रसाद तर नव्हे? मी रोखून बघितलं. प्यायले गुपचूप.

जाताना नारायणस्वामी म्हणाले, 'अत्तिंपेर, मी कुंभकोणमला तिचं काय तें करणार. तिला आवडणार नाहीं. पण मला बरं वाटेल.' सुब्बाराव म्हणाले, 'कर कीं. मी पोय म्हणणार नाहीं. पण मी इथंच राहणार. महिन्याला बैठक असते माझी.' आणि दोघांनी मिठी मारली, म्हणजे भांडत भांडतच मारली.

आता तुम्ही म्हणाल, वा हेरंबराव, छान झालं, मग तक्रार कसली? तक्रार ही! पुढच्या बैठकीला ठराव झाला. आपल्यातलं कुणी गेलं की त्याची गोष्ट सांगायची, आणि ती कुणीतरी खोडून काढायची. हीच आपली पद्धत. आणि खोडून काढायला कोण? हात वर! कुमुदिनीचे पुन्हा दोन! जन्मभर गप्प बस म्हणणारी माणसं आता मला वाटेत अडवून सांगतात, 'हेरंबराव, माझ्या वेळी जरा जोरात भांडा हं, उगाच कौतुक नको.' एन्नोरवाले तर म्हणाले, 'म्हशीचं काढाच.' म्हणजे ह्या सगळ्यांना पोचवेपर्यंत मला जिवंत राहणं आलं!

काल रात्री मला एकदम धास्तीच वाटली. कुमुदिनीला म्हटलं, अगं, ह्या सगळ्यांचं मी बघेन, पण माझ्या वेळी कोण? मी गेल्यावर माझ्या थापा कोण खोडणार? मी एवढा बोलतो, त्यातलं खरं किती, खोटं किती, हे कुणाला ठाऊक आहे? मला कुणी पोय म्हणेल का गं? इतकं काळजातलं विचारलं हो तिला. मान वर न करता ती काय म्हणाली असेल?

'हुं.'

आणि तिच्या हुंचे प्रकार आता मला कळतात. हे 'ऐकतेय'वालं नव्हे, 'मी आहे ना'वालंही नव्हे. हे 'भात निवतोय'वालं. ...ते बघा, आत्ताही आतून तेच 'हुं' आलं. जातो बाबा.